‘पळोवया’ ऐकून परत येऊ नका: गोव्यात सेंद्रिय शेतीसाठी धोरण मागण्याची रीत

आमच्या गटानं पहिलं निवेदन दिलं तेव्हा त्यात चौदा मागण्या होत्या. चार पानं, वर लेटरहेड, खाली सह्यांची रांग. सोबत तुळशीचं रोप नेलं होतं, कारण सेंद्रियवाल्यांनी प्लास्टिकात गुंडाळलेला पुष्पगुच्छ नेणं बरं दिसत नाही, असं कुणीतरी सुचवलं. साहेबांनी रोप घेतलं, फोटो झाला, चहा आला आणि उठता उठता ते म्हणाले, ‘पळोवया’, म्हणजे ‘बघूया’. आम्ही खुशीत बसमध्ये बसलो. फोंडा येईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही की आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्यायचाच राहिला. म्हणजे कागदोपत्री आम्ही तिथे गेलोच नव्हतो.

गोव्याला ‘नाका’, म्हणजे ‘नको’, म्हणता येतं. २००७ मध्ये प्रादेशिक आराखडा मागे घ्यायला लावला, त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी सेझ रद्द करायला लावले, २०२१ च्या जानेवारीत सत्तरीतल्या मेळावलीच्या लोकांनी आयआयटी परत पाठवली. या सगळ्या लढाया काहीतरी थांबवण्याच्या होत्या. थांबवायला गर्दी लागते आणि ती आपण जमवतो. सरकारकडून नवीन काही मिळवायचं असतं तेव्हा मात्र गर्दीचा उपयोग थोडा आणि कागदाचा फार. अमुक योजना, अमुक कलम, अमुक रक्कम, अमुक महिना. ही सवय आपल्याला कमी आहे. खालचा मजकूर तीच सवय लावून घेण्याबद्दल आहे. त्यातलं बरंचसं आम्ही चुकून शिकलो.

आधी बघा, गोष्ट कुणाच्या हातात आहे

आमच्या चौदापैकी पाच मागण्या राज्य सरकारच्या हातातल्याच नव्हत्या. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. ती किंमत आणि तिच्यामागचं अनुदान दिल्लीत ठरतं. ‘रासायनिक खतांचं अनुदान काढून सेंद्रियला द्या’ हे पणजीत सांगून काही होत नाही.

तणनाशकांचंही तसंच. काजूच्या बागायतीत रान मारायला औषध फवारतात आणि पावसाच्या पहिल्या सरीबरोबर ते खालच्या ओहोळात येतं, म्हणून आम्ही बंदी मागितली होती. पण १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानुसार राज्याला एखाद्या औषधाची विक्री फार तर ६० दिवस थांबवता येते, वाढवून आणखी ३०. कायमची बंदी केंद्राची. ग्लायफोसेटबद्दल केंद्रानं २०२२ मध्ये काढलेली अधिसूचना सांगते की ते फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांनीच वापरायचं. तेव्हा राज्याकडे बंदी मागण्यापेक्षा ‘या अधिसूचनेची अंमलबजावणी गोव्यात कोण करतंय, किती दुकानं तपासली’ हा प्रश्न विचारा. तो जास्त बोचतो.

शेती हा विषय घटनेनं राज्यांकडे दिलेला आहे, त्यामुळे राज्याच्या हातातही पुष्कळ आहे. राज्याच्या तिजोरीतली अनुदानं, आधार किंमत, फलोत्पादन महामंडळाची खरेदी, शाळांचा माध्यान्ह आहार, कृषी कार्डाचे निकष, शेतकरी आधार निधीचे नियम, बांधांची दुरुस्ती, विभागीय कृषी कार्यालयातली माणसं. २०२५ मध्ये जाहीर झालेलं अमृतकाळ कृषी धोरणही राज्याचंच आहे. ते एकदा स्वतः वाचून काढा. त्यातलं एखादं वाक्य तुमच्या मागणीला जुळलं, तर निवेदनाची सुरुवात त्याच वाक्यानं करा. सरकारला त्याचंच वचन दाखवलं की समोरच्या अधिकाऱ्याला फाईलवर टिपण लिहिणं सोपं जातं. त्याचं काम सोपं करणं हे आपलं अर्धं काम.

एकच मागणी निवडा

‘सेंद्रिय शेतीला प्रोत्साहन द्यावे’ या वाक्याला कुठलंही सरकार ‘हो’ म्हणतं आणि काहीच करत नाही. मागणी अशी हवी की तिचं उत्तर आकड्यात किंवा आदेशात द्यावं लागेल. मला गोव्यापुरत्या चार मागण्या पक्क्या वाटतात. त्यातली एक घ्या, फार तर दोन.

पहिली कुळागरांची, म्हणजे माड-पोफळीच्या मिश्र बागायतींची. राष्ट्रीय सेंद्रिय मानकांनुसार हंगामी पिकांना रूपांतराचा काळ २ वर्षांचा आणि माड, पोफळ, मिरवेल अशा बहुवार्षिक पिकांना ३ वर्षांचा. या काळात उत्पन्न डळमळू शकतं आणि सेंद्रिय म्हणून भाव मात्र मिळत नाही. केंद्राच्या परंपरागत कृषी विकास योजनेत हेक्टरी ३ वर्षांना मिळून ३१,५०० रुपये आहेत. त्यातले १५,००० थेट शेतकऱ्याच्या खात्यात येतात, बाकीचे प्रशिक्षण, प्रमाणीकरण, विपणन यांत जातात. आता हिशेब करा. आपल्याकडचं कुळागर अर्ध्या हेक्टरचं असलं तर वर्षाला हातात पडतात २,५००. त्यात पाडेलीची, म्हणजे नारळ पाडणाऱ्याची, वर्षाची मजुरीसुद्धा भागत नाही. नैसर्गिक शेतीच्या राष्ट्रीय अभियानाला केंद्रानं २५ नोव्हेंबर २०२४ ला मंजुरी दिली. त्यात एकरी वर्षाला ४,००० रुपये, २ वर्षं आणि एका एकरापर्यंतच. पंजाब-उत्तर प्रदेशच्या सपाट रानासाठी बेतलेलं माप आपल्या चढउताराच्या, पाटाच्या पाण्यावर चालणाऱ्या बागायतीला बसत नाही. राज्यानं त्यात स्वतःची भर घालावी, हे मागता येतं.

दुसरी मागणी खाजनांची, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतजमिनींची. हिच्यावर मी जरा थांबतो, कारण बाहेरून आलेल्या तज्ज्ञांना ती कळत नाही आणि आपण ती सांगत नाही.

खाजनात एकट्याची सेंद्रिय शेती होत नाही. मानशीतून (बांधातल्या दारातून) आत आलेलं पाणी पोंयीतून (आतल्या चरातून) सगळ्यांच्या शेतात फिरतं. शेजाऱ्यानं टाकलेला युरिया माझ्या भातात येतो, माझं शेणखत त्याच्या. प्रमाणीकरणवाला विचारतो, तुमच्या शेताभोवती संरक्षक पट्टा कुठे? मेर म्हणजे हातभर रुंद, तिच्यावर काय पट्टा सोडणार? त्यामुळे खाजनात प्रमाणीकरणाचं एकक म्हणजे अख्खं खाजन धरायला हवं, एका बांधाच्या आतलं सगळं. त्यासाठी नवीन संस्था काढायलाही नको. बांध राखायला आणि मानशीची पावणी (लिलाव) करायला कुळांच्या संघटना आहेतच, भल्या किंवा बुऱ्या.

दुसरं म्हणजे, कोरगुट हे खाऱ्या जमिनीतलं भात पिकवणाऱ्या कित्येक जुन्या शेतकऱ्यांनी खाऱ्या मातीत रासायनिक खत कधी फारसं टाकलेलंच नाही. योजना मात्र पैसे देते ते ‘रूपांतराला’. ज्यानं विष टाकलं आणि सोडलं त्याला अनुदान, ज्यानं कधी टाकलंच नाही त्याला टाळ्या! यावर केंद्राकडेच एक उत्तर आहे, त्याचं नाव ‘मोठ्या क्षेत्राचं प्रमाणीकरण’. जिथे रसायनं पूर्वीपासूनच वापरात नाहीत अशा सलग प्रदेशाला वर्षानुवर्षं न थांबवता काही महिन्यांत सेंद्रिय दर्जा देता येतो. कार निकोबार आणि नानकौरी बेटांवरची १४,४९१ हेक्टर जमीन याच पद्धतीनं प्रमाणित झाली, पुढे लक्षद्वीपही झालं. तिसवाडीतलं एखादं खाजन किंवा सत्तरीतल्या डोंगरवाड्यांचा एखादा पट्टा या पद्धतीत बसतो का, याची पाहणी कृषी संचालनालयानं अमुक महिन्यापर्यंत करावी, ही खर्च फारसा नसलेली आणि म्हणून नाकारायला अवघड मागणी आहे. मात्र त्याच निवेदनात बांधाच्या दुरुस्तीचा मुद्दा घाला. बांध फुटून खारं पाणी आत आलं तर सेंद्रिय काय आणि रासायनिक काय, दोन्ही गेलं.

तिसरी खरेदीची. फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवरची बरीचशी भाजी बेळगावहून येते. स्थानिक शेतकऱ्यांची भाजीही महामंडळ घेतं, पण सेंद्रिय वांगं आणि फवारलेलं वांगं एकाच क्रेटमध्ये पडतं, एकाच दरात. वेगळा क्रेट, वेगळा दर आणि आठवड्यातून ठरलेला दिवस, एवढंच मागा. काही निवडक गाड्यांवर सहा महिने करून पाहा म्हणावं. ‘प्रायोगिक’ हा शब्द सरकारी माणसाला धीर देतो.

चौथी पात्रतेची. तिच्यासाठी खाली वेगळा भाग लागेल.

एक-चौदाचा गुंता

आपल्याकडे जमीन कसतो एक आणि एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्यावर नाव दुसऱ्याचं. कुणी कुळ आहे पण दावा मामलेदाराकडे पडून. कुणाची जमीन कोमुनिदादीची (गावाच्या जुन्या सामायिक संस्थेची), कुणाची देवस्थानाची, कुणाच्या उताऱ्यावर आजोबांच्या आठ भावंडांची नावं, त्यातली तीन पोर्तुगालात. अशा माणसाला ‘मालकी हक्काचा पुरावा जोडा’ म्हटलं की योजना तिथेच संपली. वर आणखी, शेतात दिवसभर राबते ती बाय आणि कृषी कार्डावर नाव घोवाचं, नवऱ्याचं.

म्हणून कुठलीही योजना मागताना पात्रतेचं वाक्य आपणच लिहून द्या. ‘लाभार्थी म्हणजे उताऱ्यावर नाव असलेला’ असं न म्हणता, ‘पंचायत आणि विभागीय कृषी अधिकारी यांच्या संयुक्त पाहणीत प्रत्यक्ष कसताना आढळलेली व्यक्ती’ असं. हे वाक्य योजनेत आलं नाही तर बाकी सगळं जिंकूनही तुमच्या वाड्यावरच्या निम्म्या लोकांना काही मिळणार नाही. आम्ही हे शिकलो तेव्हा उशीर झाला होता आणि गटातली चार माणसं आमच्याशी वर्षभर बोलत नव्हती. त्यांचं बरोबर होतं.

आकडे गोळा करा, आपले आणि त्यांचे

आपले आकडे म्हणजे वही. गटातल्या दहा-बारा जणांनी एका हंगामाची वही ठेवली तरी पुरे. किती जमीन, काय लावलं, शेण कुठून आणलं आणि काय पडलं, मजुरी किती, माकडांनी आणि रानडुकरांनी किती नेलं, माल कुठे विकला, काय दरानं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बसून विकलेल्याचा दर वेगळा लिहा, गाडेवाल्याला दिलेल्याचा वेगळा. फुगवू नका. एका बैठकीत आमच्यातल्या एकानं नारळाचं उत्पन्न मनाला येईल ते सांगितलं. समोरचा अधिकारी स्वतः बागायतदाराच्या घरातला. पुढची वीस मिनिटं तो फक्त हसत होता.

सरकारचे आकडे मिळवायला माहितीचा अधिकार. २००५ चा कायदा, १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. अर्ज कृषी संचालनालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे द्या. मराठीतून देता येतो. ‘सेंद्रिय शेतीबाबत सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलं तर काहीच येत नाही. नेमकं विचारा:

गेल्या ३ आर्थिक वर्षांत सेंद्रिय शेतीच्या प्रत्येक योजनेसाठी किती तरतूद होती, सुधारित अंदाजात ती किती झाली, प्रत्यक्ष किती खर्च झाली? तालुकावार किती शेतकरी नोंदले, कितींना प्रमाणपत्र मिळालं, कितींच्या खात्यात रक्कम जमा झाली? अमुक विभागीय कार्यालयात किती अर्ज नाकारले, कोणत्या कारणांनी? प्रमाणीकरणाचं काम कुणाला दिलं, त्या कराराची प्रत?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात मोलाचं. नाकारण्याची कारणं वाचली की एक-चौदाचा मुद्दा तुम्हाला सांगावा लागत नाही, सरकारचाच कागद सांगतो. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत पणजीला राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. तारखा घरातल्या कालनिर्णयवर लिहून ठेवा, एकादशीच्या शेजारी. मोबाईलमधल्या तारखा विसरल्या जातात.

दुसरी एक सोपी खाण आहे, तिच्याकडे कुणी जात नाही. आमदारांनी विचारलेले प्रश्न आणि मंत्र्यांनी दिलेली उत्तरं विधानसभेच्या संकेतस्थळावर असतात. तुमचा प्रश्न कुणीतरी आधीच विचारलेला असण्याची शक्यता बरीच. अर्जाचे १० रुपये आणि ३० दिवस वाचतात.

ग्रामसभेतून सुरुवात

गोवा पंचायत राज कायद्यानुसार साधारण ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या एखाद्या रविवारी होते. विषय आधी लेखी देऊन सचिवाकडून पोच घ्या. ऐनवेळी उठून बोललात तर रस्त्यावरच्या कचऱ्याच्या आणि नवीन घरांच्या परवान्यांच्या भांडणात तुमचा विषय वाहून जातो. ठरावाचा मसुदा आपणच न्या, पाच ओळींचा. इतिवृत्तात तो जसाच्या तसा आला की नाही, हे सही होण्याआधी वाचा.

ग्रामसभेचा ठराव सरकारवर बंधनकारक नसतो, मग कशाला? कारण एकट्या गटाचं निवेदन म्हणजे ‘काही शेतकऱ्यांची मागणी’ आणि पाच पंचायतींचे ठराव म्हणजे आमदाराचा मतदारसंघ. गोव्यात मतदारसंघ ४० आणि पंचायती १९१. भागाकार केला की कळेल, पाच पंचायती म्हणजे एका आमदाराची झोप.

पंचायतीतली जैवविविधता व्यवस्थापन समितीही हाताशी धरा. तिची लोक जैवविविधता नोंदवही असते. त्यात आपल्या गावचं जुनं बियाणं, मग ते कोरगुट असो, मयड्याची केळी किंवा काणकोणातल्या खोल्याची मिरची, नोंदलं आहे का बघा. नोंद असली की ‘हे बियाणं राखणाऱ्याला आधार द्या’ या मागणीला सरकारी आधार मिळतो.

एका पानाचं निवेदन

पहिल्यांदा विभागीय कृषी कार्यालयात जा, थेट मंत्र्याकडे नको. मंत्र्याकडे दिलेला कागद शेवटी अभिप्रायासाठी याच टेबलावर येतो आणि तिथल्या अधिकाऱ्याला आपण डावलले गेलो असं वाटलं तर अभिप्राय कसा येईल सांगायला नको. शिवाय त्याला शेतावर बोलावता येतं. चतुर्थीच्या आधी, माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळांचं, सामान बागेत लटकत असताना बोलवा. कुळागर त्या दिवसांत स्वतःच आपली वकिली करतं.

मागणीचा परिच्छेद साधारण असा असावा:

‘विषय: कुळागरांच्या सेंद्रिय रूपांतरकाळासाठी राज्याचं पूरक अनुदान. बहुवार्षिक पिकांना रूपांतरासाठी ३ वर्षं लागतात. या काळात परंपरागत कृषी विकास योजनेतून शेतकऱ्याच्या खात्यात हेक्टरी एकूण १५,००० रुपये येतात. सोबत जोडलेल्या १२ शेतकऱ्यांच्या खर्चाच्या नोंदींनुसार ही रक्कम अपुरी आहे. येत्या आर्थिक वर्षापासून राज्यानं या रकमेत हेक्टरी अमुक इतकी भर घालावी. विभागीय कृषी अधिकारी आणि पंचायत यांच्या संयुक्त पाहणीत प्रत्यक्ष कसताना आढळलेली व्यक्ती पात्र धरावी. तरतूद पीकसंवर्धनाच्या २४०१ या मुख्य शीर्षाखाली करावी.’

‘अमुक’च्या जागी तुमच्या वह्यांतून निघालेला आकडा येईल. लेखाशीर्ष लिहिलं की वाचणारा जरा सावरून बसतो, याला अर्थसंकल्प कळतो म्हणून. खरं तर अर्थसंकल्पाची पुस्तकं सरकारच्या संकेतस्थळावर कुणालाही उघडता येतात. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. तुळशीचं रोप न्यायला हरकत नाही, पण शिक्का आधी.

संचालनालयाशी तांत्रिक वाद होणार असेल, म्हणजे ‘उत्पन्न घटेल’ वगैरे, तर जुन्या गोव्याच्या एला इथली केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था किंवा कृषी विज्ञान केंद्र यांच्या शास्त्रज्ञांशी आधी बोलून घ्या. खाऱ्या जमिनीत टिकणारी गोवा धान ही भाताची वाणं एलाच्या संस्थेनं काढली. त्यांचा शब्द संचालनालयात चालतो. सहभागी हमी पद्धतीचे, म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांची शेतं तपासून हमी देण्याच्या पद्धतीचे, बारकावे समजून घ्यायला म्हापशाची ऑर्गॅनिक फार्मिंग असोसिएशन ऑफ इंडिया आहे. देशभरातलं हे काम त्यांनी जवळून पाहिलेलं आहे.

आमदाराकडे काय मागायचं

‘आमच्या पाठीशी राहा’ असं कधीही सांगू नका. तो राहतो. पाठीशीच राहतो.

त्याला काम सांगा, एका वाक्यात. एक तारांकित (सभागृहात तोंडी उत्तराचा) किंवा अतारांकित (लेखी उत्तराचा) प्रश्न, तो तुम्हीच लिहून द्या. किंवा कृषी खात्याच्या मागण्यांवरच्या चर्चेत दोन मिनिटांचं भाषण, त्याचे मुद्दे अर्ध्या पानावर. किंवा शुक्रवारी, खाजगी कामकाजाच्या दिवशी, ठराव. प्रश्न अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावे लागतात, त्यामुळे अधिवेशनाची तारीख जाहीर झाली त्याच आठवड्यात कागद त्याच्या हातात हवा.

विरोधी बाकावरचा आमदार प्रश्न चांगला विचारतो, सत्तेतला आमदार फाईल चांगली हलवतो. दोघांकडे जा आणि दोघांनाही सांगा की दुसऱ्याकडेही गेलो होतो. गोवा एवढासा आहे, लपत नाही. कुठल्या पक्षाच्या व्यासपीठावर मात्र गट म्हणून चढू नका. पाच वर्षांनी खुर्च्या बदलतात, कधी पाच महिन्यांतही.

महिना चुकला की वर्ष गेलं

अर्थसंकल्प साधारण मार्चमध्ये येतो. पण खात्यांची आकडेमोड पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होते. फेब्रुवारीत निवेदन देणारे सगळे आमच्यासारखे, भरल्या बसमागे धावणारे. क्रम असा ठेवा: पावसात वह्या आणि माहिती अधिकार, जुलैच्या अधिवेशनात एक प्रश्न, ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव, नोव्हेंबर संपण्याआधी खात्यात निवेदन, डिसेंबर-जानेवारीत मुख्यमंत्री आणि वित्त खात्याकडे त्याची प्रत, जुन्या आवक क्रमांकासह.

निवडणुकीचं वर्ष वेगळं मोजा. मागची विधानसभा निवडणूक १४ फेब्रुवारी २०२२ ला झाली. आचारसंहिता लागली की नवीन योजना जाहीर होत नाही, पण त्याआधीचे सहा महिने कान सगळ्यात उघडे असतात. जाहीरनाम्यात वाक्य घालून घ्यायची तीच वेळ.

हे तीन प्रश्न येणारच

‘श्रीलंकेचं काय झालं?’ हा हल्ली पहिला येतो. उत्तर तयार ठेवा. श्रीलंकेनं २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात निर्णय मागे घेतला. आपण बंदी मागत नाही, रूपांतराच्या काळात आधार मागतो आहोत. सिक्कीमनं २००३ मध्ये सुरुवात केली आणि संपूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून घोषणा झाली २०१६ मध्ये. सुमारे ७५,००० हेक्टरांना १३ वर्षं. सिक्कीमचंही सगळं आलबेल आहे असं सांगू नका. बाजारपेठेच्या तक्रारी तिथेही आहेत आणि समोरच्याला ते माहीत असतं.

‘सेंद्रिय आहे हे ओळखायचं कसं?’ अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७ च्या नियमांनुसार वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेला लहान उत्पादक थेट ग्राहकाला विकत असेल तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. महामंडळाला विकायचं तर सहभागी हमी पद्धत आहे, तिच्यात शेतकरीच एकमेकांच्या शेतांची तपासणी करतात. फसवणूक होते का? होते. म्हणूनच अधूनमधून नमुने तपासायची तरतूद योजनेतच मागा. हे आपणहून मागितलं की तुमच्याबद्दलचा अर्धा संशय जातो.

‘पैसे नाहीत.’ याला माहिती अधिकारातून आलेला, ३१ मार्चला न वापरता परत गेलेल्या रकमेचा आकडा असेल तर तो न बोलता पुढे सरकवा. नसेल तर गप्प बसा, वाद घालू नका.

वर्तमानपत्र, जपून

तरुण भारत, गोमन्तक, नवप्रभा, लोकमत, यांपैकी कुठल्यातरी बातमीदाराचं माहेर किंवा सासर तुमच्या तालुक्यात असतंच. पण निवेदन दिल्याची बातमी ही बातमी नव्हे. खात्याच्या उत्तरातला आकडा आणि एका बाईची वही शेजारी शेजारी ठेवली की ती बातमी होते. वेळ अधिवेशनाच्या आदल्या आठवड्याची. अधिकारी मदत करत असेल तर त्याच्या खात्यावर टीका छापून येण्याआधी त्याला फोन करा. त्याला दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर उभं राहायचं असतं.

योजना निघाली, आता राजपत्र वाचा

आमच्या मागणीतलं थोडं एकदा खरंच मान्य झालं. भाषणात घोषणा झाली, आम्ही पेढे वाटले. अधिसूचना आली तेव्हा त्यात अट होती: अर्जदाराच्या नावे एक-चौदाचा उतारा. पेढे खाल्लेल्यांपैकी बऱ्याच जणांना त्या योजनेतून छदाम मिळाला नाही.

तेव्हा घोषणेनंतर थांबू नका. योजना गोवा सरकारच्या राजपत्रात येते, ते दर गुरुवारी निघतं. मसुदा तयार होत असतानाच संचालनालयात जाऊन बसा आणि चार गोष्टी तपासा: पात्रता कुणाची, अर्ज कुठे आणि किती कागदांचा, पैसे किती दिवसांत, नकार मिळाला तर अपील कुणाकडे. चुकीची अट दिसली तर त्याच आठवड्यात एका परिच्छेदाचं पत्र, जुन्या निवेदनाचा आवक क्रमांक घालून. अधिसूचनेत दुरुस्ती होते. आम्ही जी मागितली ती व्हायला चौदा महिने लागले.

मग पहिल्या वर्षाचे अर्ज गटानं एकत्र भरा, एका दिवशी, एका टेबलावर, आणि कुणाचा अर्ज कुठल्या तारखेला कुठे अडला त्याचा तक्ता ठेवा. पुढच्या जुलैत आमदाराला द्यायचा प्रश्न त्याच तक्त्यातून निघतो. आमचा तक्ता सध्या एका जुन्या हिशेबवहीच्या मागच्या पानांवर आहे, पुढच्या पानांवर २०१९ चे सुपारीचे दर आहेत. त्यातल्या सात अर्जांपुढे अजून तारीख पडलेली नाही. सोमवारी झोनलला, म्हणजे विभागीय कृषी कार्यालयात, जाऊन यायचं आहे.